झाकणबाईंचा बुधवार

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सगळे त्यांना झाकणबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांच्या पातेल्यावरचं झाकण दुसऱ्या कुणी उचललेलं त्यांना खपत नसे. कुणी जवळून जाता जाता नुसता वास घेतला, तरी त्या डाव आडवा धरत. मीठ घालताना पाठ फिरवत. नव्या बाईनं भाबडेपणानं विचारलं, "यात काय काय घातलंत हो?" तर उत्तर ठरलेलं, "हात घातला." झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर त्यांनी मुख्य आचारीण म्हणून बारा वर्षं काढली होती.

काम मात्र सोपं नव्हतं. ज्यांना धड गिळता येत नाही अशा चाळीस रुग्णांचं जेवण त्यांच्याकडे होतं. कुणाचा अर्धा घसा निकामी झालेला, कुणाचं एका बाजूचं तोंड लुळं पडलेलं, कुणी नुसतेच फार म्हातारे. सूप जरा पातळ झालं की ठसका लागून माणूस निळा पडणार, जरा घट्ट झालं की घास घशातच बसणार. बटाटा, गाजर, अंडं, दूध, भोपळा, भात, इतक्या मोजक्या जिनसांतून सात दिवसांचा असा मेनू, की कुणी ठसकू नये आणि कंटाळूही नये. तो मेनू भिंतीवर लावलेला असे. बाहेरची पाहुणेमंडळी आली की प्रशासनाचे साहेब तो दाखवत आणि म्हणत, "हा आमच्या बाईंचा." बाई तेव्हा भांड्यांच्या मांडणीकडे बघत राहत. लोकांना तो विनय वाटे.

मग नियम आला. महिनाअखेरपर्यंत मुख्य आचाऱ्याकडे पाकशास्त्राचं प्रमाणपत्र हवं, नसेल तर जागा बाहेरून भरणार आणि आहे त्या माणसाला भांडी धुण्याच्या विभागात पाठवणार. त्रेपन्नाव्या वर्षी झाकणबाई एका पाकशास्त्र संस्थेच्या दुपारच्या वर्गात जाऊन बसल्या. आजूबाजूला विशीतली पोरं, तीही त्यांना काकू म्हणणारी. प्रत्यक्ष स्वयंपाकाच्या सगळ्या परीक्षांत काकू पहिल्या आल्या. उरला फक्त एक मेनू नियोजनाचा अहवाल. त्यात काय अवघड, असं त्यांना वाटलं. बारा वर्षं भिंतीवर आहे तोच कागदावर उतरवायचा. लेक टंकलेखन करायला बसली, आईनं पिशवीतून एक जुनी वही काढली आणि पानामागून पान सांगितलं. लेक मध्येच म्हणाली, "आई, पाच लिटर सुपाला पाच वाट्या आरारूट? जास्त नाही होत?" आई म्हणाली, "वहीत आहे तसंच लिही. कागदावर आपली अक्कल चालवू नये."

सोमवारी अहवाल परत आला. अठ्ठावीस पानं आणि समासात हिरव्या शाईनं एकेचाळीस ठिकाणी एकच शब्द: "संदर्भ?" बुधवारच्या पानावर मात्र वर्गाच्या मॅडमनी पूर्ण वाक्य लिहिलं होतं. या प्रमाणानं सूप घशात बसेल, हा आकडा कुठून घेतला?

मॅडम लेकीच्याच वयाच्या. त्यांनी काकूंना समोर बसवलं, पाणी दिलं.

"काकू, तुम्हाला येतं हे मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जे जे म्हणता ते कुणी सांगितलंय, कधी, कुठल्या पानावर, ते लिहायचं. पुस्तकातलं असेल तर पुस्तक. कुणाच्या वहीतलं असेल तर त्या माणसाचं नाव आणि त्याची लेखी परवानगी."

"आणि आपलं स्वतःचं असेल तर?"

"तर नोंदी दाखवायच्या. पण हा पाच वाट्यांचा आकडा तुमचा नाही. परीक्षेला तुमच्या हातचं हेच सूप मी प्यायलेय. त्यात दोनच्या वर नव्हत्या."

चूक होती ती बरोबर याच ठिकाणी. बारा वर्षं त्यांचा हात दोन वाट्या घालत होता, आणि कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी हाताला विचारलंच नाही, वहीला विचारलं.

"मी दोन करून आणते," त्या म्हणाल्या.

"करा. पण आधी पाच का लिहिले होते, तेही लिहा. मूळ कुठलं ते आल्याशिवाय मी हा पास करू शकत नाही. गुरुवारी चार वाजता अहवाल घ्यायची खिडकी बंद होते, आणि हो, एक प्रत तुमच्या रुग्णालयाकडे जाणार. तुम्हाला त्यांनीच पाठवलंय ना." मॅडमनी हे अगदी सहज सांगितलं. काकूंच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

मंगळवार आणि बुधवार त्यांनी रजा टाकून संस्थेच्या वाचनालयात काढले. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. उकडलेला बटाटा गरम असतानाच का दाबावा, दूध कितीपर्यंत तापवावं, अंडं कुठल्या क्षणी घट्ट होतं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी सांगितलं ते ठाऊक नव्हतं. पुस्तकांत ते सापडत गेलं. लेखक, वर्ष, नाव, पान. आपल्याला जे गुपित वाटत होतं ते कुणीतरी पस्तीस वर्षांपूर्वीच छापून मोकळं झालं होतं, तेही चित्रांसकट, हे बघून त्यांना जरा रागच आला. बुधवारी दुपारपर्यंत अडतीस संदर्भ झाले. तीन उरले: आठवड्याची ही रचना कुणाची, कुठल्या घट्टपणानंतर कुठला घट्टपणा द्यायचा हा क्रम कुणाचा, आणि बुधवारच्या पाच वाट्या कुणाच्या.

हे तिन्ही एकाच वहीतले होते. आणि वही त्यांची नव्हती.

वही होती त्यांच्या मोठ्या जावेची. दोघी एकाच घरात दिल्या होत्या, एकाच स्वयंपाकघरात कामाला होत्या. जाऊबाई आधी लागल्या, त्यांनीच धाकटीला लावलं, शेजारी उभं करून शिकवलं. त्या काळी गिळता न येणाऱ्यांच्या जेवणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांना एकच पातळ पेला जायचा. जाऊबाई प्रत्येक खाटेशी जाऊन परत आलेली वाटी बघायच्या आणि वहीत लिहायच्या. मग एक दिवस त्या ओल्या फरशीवरून घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि चार महिने घरी बसल्या. वही खणात राहिली. खणाची किल्ली धाकटीकडे. नेमकी त्याच आठवड्यात वरून तपासणी आली. तपासणाऱ्या बाईंनी जेवण बघितलं, चाखलं आणि विचारलं, "हा मेनू कुणी बसवला?"

झाकणबाई, तेव्हा त्यांना हे नाव नव्हतं, म्हणाल्या, "मी."

एवढंच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या एका शब्दावर मुख्य आचारणीची जागा मिळाली. जाऊबाई काठी टेकत परत आल्या, भिंतीवरचा कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एप्रन घडी करून ओट्यावर ठेवला आणि गेल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहीबद्दलसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, अजून एकमेकांशी बोलत, पण फोनवर, आणि तेही गच्चीवर जाऊन.

बुधवारी संध्याकाळी लेकीनं परवानगीचं पत्र तयार केलं. "मोठ्या काकूंनी तुला वही कधी दिली गं?" तिनं विचारलं.

"दिली होती तेव्हा," आई म्हणाली.

लेकीनं बिचारीनं त्याचं नीट वाक्य केलं: "सदर वही लेखिकेने बारा वर्षांपूर्वी स्वखुशीने दिली असून तिचा वापर करण्यास लेखिकेची संमती आहे." झाकणबाईंनी ते वाचलं. वाक्य चांगलं होतं. वाचताना त्यांचे कान तापले.

गुरुवारी सकाळी दहाला त्या पुलापलीकडच्या इमारतीचे तीन जिने चढल्या. प्रत्येक मजल्यावर थांबल्या, दम लागला म्हणून आणि परत फिरावंसं वाटलं म्हणूनही. दार जाऊबाईंनीच उघडलं. केस पार पांढरे, काठी आता चार पायांची. त्यांनी धाकटीकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून वहीचा निळा कोपरा बाहेर आला होता.

"चप्पल आत काढ, बाहेरची कुत्री नेतात," त्या म्हणाल्या. मग आत वळता वळता म्हणाल्या, "बुधवार का?"

झाकणबाईंचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं, जाऊबाई?"

"कोण सांगणार? मीच केलाय तो." जाऊबाई खुर्चीत बसल्या, पाय सरळ करायला त्यांना वेळ लागला. "आमचे जुने आचारी सांगायचे, वहीत सगळं खरं लिहायचं आणि एक भांडं मुद्दाम बिघडवून ठेवायचं. वही कुणी उचलली तर ते एक भांडं फसणार. मग त्याला यावं लागणार आपल्या दारात, विचारायला. वहीला तेवढीच आपली कडी. मी बुधवार बिघडवला. दोनाच्या जागी पाच."

"मला कधी बोलला नाहीत हे."

"बोलणार होते. शेवटी सांगायची गोष्ट असते ती."

गॅसवर चहाचं पाणी होतं, ते उकळून आटत चाललं होतं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. दोघीही आचारणी, आणि पाणी आटताना बघत बसल्या.

"मी वाट बघितली," जाऊबाई म्हणाल्या. "पाय प्लास्टरमध्ये. खुर्ची दाराकडे तोंड करून लावून घेतली होती. म्हटलं, तपासणीत ती 'मी' म्हणाली, कळलं मला. ठीक आहे, घाबरली असेल, हाव सुटली असेल. पण वही तिच्याकडे असेल तर पहिल्याच बुधवारी ती येईल. नाही आलीस. दुसऱ्या बुधवारी नाही, महिन्यानं नाही. मग माझ्या मनानं घेतलं, की वही हिच्याकडे नाहीच. फेकून दिली असेल कुणीतरी खण साफ करताना. ही बघून बघून शिकलीय. शेजारी उभं राहून जे शिकलं ते आपलंच असतं, त्याला कोण चोरी म्हणेल? माझा मान गेला म्हणून मी निघून आले, तुझ्या हाताखाली राबायला माझं मन तयार नव्हतं. पण चोर मी तुला कधी म्हटलं नाही. ह्यांनी म्हटलं, मी ह्यांनाही गप्प केलं. बारा वर्षं."

झाकणबाईंना वाटलं होतं की आपण शिव्या खायला आलो आहोत. शिव्यांची त्यांनी तयारी केली होती, जिन्यात उत्तरंही जुळवली होती. या गोष्टीची तयारी कशी करायची असते ते त्यांना माहीत नव्हतं. आपण आलो नसतो तर या घरात आपण चोर नव्हतो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं आणि त्यांना रडू फुटलं.

"पहिल्या बुधवारी पाचच घातल्या होत्या मी," त्या नाक पुसत म्हणाल्या. "सूप कुठलं, खळ झाली. पोस्टरं चिकटवावीत अशी. सगळं पातेलं मोरीत ओतलं. मग चाखत चाखत खाली आणलं, दोनावर बसलं. कुणाला सांगितलं नाही."

जाऊबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "म्हणजे येत होतं तुला. तेव्हाच यायचं होतंस गं."

मग झाकणबाईंनी सगळं सांगितलं. मॅडम, एकेचाळीस हिरवे शब्द, चार वाजताची खिडकी, जागा, भांडी धुण्याचा विभाग. पत्र पुढे केलं. जाऊबाईंनी ते हात लांब धरून वाचलं. "स्वखुशीने" या शब्दावर त्यांचा अंगठा थांबला.

"माझं नाव कुठे येणार?"

"शेवटच्या पानावर. संदर्भांच्या यादीत."

"शेवटच्या?"

"यादी शेवटीच असते. मोठमोठ्या लेखकांचीसुद्धा नावं तिथेच आहेत."

"बरं." त्यांनी पेन घेतलं आणि अगदी तळाशी, वळणदार अक्षरात सही केली. तारीख घातली. कागद परत दिला. "मी खाली केलीय सही. वर काय असावं ते तुझं तू बघ. मी वाचायला येणार नाही."

संस्थेच्या आवारात बाकावर बसून झाकणबाईंनी तो कागद मांडीवर घेतला तेव्हा साडेतीन झाले होते. सगळं जमलं होतं. सही खरी, वाक्य छापील, कुणी विचारणार नव्हतं. विचारलंच तर जाऊबाई नाही म्हणणार नाहीत, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. कागद आहे तसा दिला तर प्रमाणपत्र आणि जागा, दोन्ही. बदलला तर प्रमाणपत्र मिळेलही, पण प्रत रुग्णालयात जाणार आणि साहेबांना वाचता येत होतं. भांडी धुण्याच्या विभागात खिडकी नाही, हेही त्यांना आठवलं. पोरं बाजूनं हसत, फायली उडवत जात होती. एका मुलीनं विचारलं, "काकू, बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "बरी आहे गं, संदर्भ लिहितेय."

चारला पाच कमी असताना त्यांनी "लेखिकेने बारा वर्षांपूर्वी स्वखुशीने दिली" यावर रेघ मारली. वर लिहिलं, "मी न विचारता घेतली." अक्षर वाईट आलं.

खिडकीशी मॅडमच उभ्या होत्या. त्यांनी यादी बघितली. एकेचाळीस नोंदी, शेवटच्या तीन हस्तलिखित वहीच्या, लेखिका अमुक, अप्रकाशित, बुधवारचं प्रमाण लेखिकेने हेतुपुरस्सर चुकीचे लिहिलेले, अहवालकर्तीने चाखून दुरुस्त केलेले. मग पत्र बघितलं. बराच वेळ बघितलं.

"इथे खाडाखोड आहे, काकू."

"आहे."

"खाडाखोडीशेजारी सही लागते." मॅडमनी पेन पुढे केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही केलीत तर मूळ वाक्यच धरलं जातं."

झाकणबाईंनी सही केली.

पुढचं फार रंगवून सांगण्यासारखं नाही. अहवाल उत्तम श्रेणीत पास झाला, प्रमाणपत्र आलं आणि त्याच आठवड्यात रुग्णालयाचं पत्रही आलं. नियुक्तीच्या वेळी दिलेली माहिती खरी नव्हती, सबब मुख्य आचारी पदावरून कमी करून भांडी विभागात बदली. लेक रडली, चिडली, "कुणी सांगितलं होतं खरं लिहायला?" म्हणाली. नवऱ्यानं मात्र त्या दिवशी भावाला फोन घरातून केला. मुख्य आचारीण म्हणून बाहेरून एक तरुण बाई आली, हुशार, मन लावून काम करणारी. तिनं झाकणबाईंचाच अहवाल मागवून घेतला, मेनूची सात पानं छान कोऱ्या कागदावर छापली आणि भिंतीवर लावली.

भांड्यांची ढकलगाडी घेऊन जाताना झाकणबाईंनी ती बघितली. सोमवार, मंगळवार, बुधवार, दोन वाट्या. रविवारनंतर भिंत मोकळी होती.

"शेवटचं पान?" त्यांनी विचारलं.

"कुठलं, ती यादी?" नवी बाई मानेनंच नाही म्हणाली. "ती कोण वाचतंय? आणि पिना संपल्या."

झाकणबाई आत गेल्या. धुवायला आलेल्या भांड्यांतलं एक लहान पातेलं त्यांनी विसळलं, वाटीभर पाणी घेतलं, नव्या बाईला सांगून थोडं आरारूट मागून आणलं. दोन वाट्यांचं प्रमाण त्यांनी घेतलं नाही. वहीतलं घेतलं, पाचाचं. सगळ्यांसमोर, झाकण न ठेवता, मंद आचेवर ढवळत राहिल्या. नव्या मुली जवळ येऊन बघू लागल्या. एकीनं विचारलं, "काय काय घातलंय हो यात?"

त्यांनी सांगितलं. किती पाणी, किती आरारूट, आणि हे प्रमाण कुणाचं, तेही नाव घेऊन सांगितलं. मग आपल्या प्रतीतलं शेवटचं पान आणलं, मागून खळ फासली आणि रविवारच्या शेजारी दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, वाळेपर्यंत.